मधल्या तीन इयत्ता

पहिलीचा प्रवेशोत्सव होतो. फुगे लागतात, नव्या मुलांच्या हातात फुलं आणि पुस्तकं येतात, फोटो निघतात. दहावीचा निकाल लागला की नाक्यावर फ्लेक्स चढतो. या दोन्हींच्या मधे सहावी, सातवी आणि आठवी असतात, आणि त्यांचं कौतुक करायला कुणी फिरकत नाही. जूनमध्ये वर्गवाटप होतं तेव्हा शिक्षकांच्या खोलीतही या वर्गांसाठी कुणी भांडत नाही. लहान मुलं गोड असतात, मोठी मुलं निकाल देतात. ही मधली ना धड गोड, ना निकाल देणारी.

हा लेख या मधल्यांच्या बाजूनं आहे. शिकवण्याचा आनंद ज्याला हवा त्यानं सहावी ते आठवी मागून घ्यावी, असं माझं मत आहे. या वयात मूल अजून खेळायला तयार असतं आणि त्याच वेळी त्याला पुरावा लागायला लागतो. याआधी पुरावा लागत नाही आणि यानंतर खेळायला लाज वाटते. दोन्ही गोष्टी एकाच बाकावर मिळतात त्या जेमतेम तीन वर्षं.

चांदीपचा परिसर

उदाहरणं वसई तालुक्यातल्या चांदीपच्या आसपासची घेतली आहेत. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाट्याला आत वळलं की वज्रेश्वरी-अंबाडीचा रस्ता लागतो. एका अंगाला तुंगारेश्वराचे डोंगर, दुसऱ्या अंगाला तानसा नदीचं खोरं, आणि खाली खानिवड्याकडे वैतरणेची खाडी. मांडवी, चांदीप, पारोळ, उसगाव ही या पट्ट्यातली गावं. विरारची लोकल इथून लांब नाही, पण बाकावर शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे वडील त्या लोकलनं कामाला जातात आणि दुसऱ्याचे पावसाळ्यात भात लावतात, उन्हाळ्यात वीटभट्टीवर असतात. एकाच वर्गात इतकं वेगवेगळं जग बसलेलं असतं. शिक्षकाला याहून चांगलं साहित्य कुठं मिळायचं?

कायद्यानं या वयाला काय दिलं

हा भाग थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली. खालच्या वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, वरच्या तीन इयत्तांत पस्तीस मुलांमागे एक. खाली वर्षाला ८०० तास शिकवायचं, वर १,०००. सहावीपासून विषयाचे शिक्षक हवेत: गणित-विज्ञानाचा, भाषेचा, सामाजिक शास्त्रांचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांना पदवीधर शिक्षक म्हणतात. पहिलीपासून एकाच बाईंच्या किंवा गुरुजींच्या हाताखाली वाढलेलं मूल इथे पहिल्यांदा तासागणिक माणूस बदलताना बघतं, आणि दोन आठवड्यांत सगळ्यांच्या नकला करायला लागतं.

पोषण आहारातही फरक आहे. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. भूक वाढते हे सरकारी कागदालाही मान्य आहे. ज्यानं सातवीच्या मुलांना खिचडी वाढली आहे त्याला हे दीडपटही कमीच वाटेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ५+३+३+४ अशी मांडणी केली, त्यातले शेवटून दुसरे तीन म्हणजे याच इयत्ता. कागदावर तरी त्यांना स्वतःचा कप्पा मिळाला. त्याआधी त्यांची गणना कधी प्राथमिकच्या शेपटाला, कधी माध्यमिकच्या पायाशी व्हायची. जुन्या पिढीला मात्र सातवीचा दबदबा आठवत असेल. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी, आणि ती पास झालेला माणूस गावात मास्तर होऊ शकत असे.

‘कशावरून?’

अकरा-बाराच्या सुमारास मूल डोळ्यांपुढे नसलेल्या गोष्टींबद्दल तर्क करायला लागतं, ही मांडणी स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. सगळ्या मुलांत हे एकाच वेळी होत नाही आणि सगळ्या विषयांत सारखं होत नाही. पण वर्गात उभं राहिलेल्या माणसाला बदल कळतो. चौथीतलं मूल विचारतं, ‘सर, मग पुढे काय झालं?’ सातवीतलं विचारतं, ‘सर, कशावरून?’

काही शिक्षकांना हा उद्धटपणा वाटतो. थोडा असतोही. विशेषतः सुरुवातीला हा प्रश्न बरोबर चुकीच्या वेळी येतो, पाहुणे वर्गात बसलेले असताना. पण गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे चारही विषय या एका प्रश्नावर उभे आहेत. शाळेत तो विचारण्याची इच्छा आपोआप उगवते ती फक्त याच वयात. तिला पाणी घालायचं की खुडायची, एवढंच शिक्षकाच्या हातात असतं.

ऋण गुणिले ऋण

सहावीत पूर्णांक संख्या येतात आणि सातवीत त्यांचा गुणाकार. शून्याखालच्या तापमानाचं उदाहरण पुस्तकी आहे. चांदीपच्या मुलानं शून्य अंश कधी अनुभवलेलं नसतं. दुकानातली उधारी मात्र त्याला कळते. चाळीस रुपये उधार म्हणजे ऋण चाळीस, हे क्षणात पटतं. तीन वेळा चाळीसची उधारी म्हणजे ऋण एकशेवीस, हेही पटतं. अडतं ते पुढे. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे कशावरून? उधारीला उधारीनं गुणायचं म्हणजे काय?

इथे बहुतेक वेळा नियम पाठ करून घेतला जातो. त्याऐवजी फळ्यावर एकाखाली एक लिहावं: ऋण चार गुणिले तीन, ऋण बारा. गुणिले दोन, ऋण आठ. गुणिले एक, ऋण चार. गुणिले शून्य, शून्य. मग खडू ठेवून द्यावा. उत्तर दर पायरीला चारनं वाढत चाललं आहे हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. पुढची पायरी गुणिले ऋण एक. शून्यानंतर चार वाढले की काय? वर्गात आधी कुजबुज होते, मग मागच्या बाकावरून कुणीतरी ‘चार!’ ओरडतं, आणि ओरडल्यावर आपणच दचकतं, कारण उत्तराला ऋण चिन्ह नसतं. ही काटेकोर सिद्धता नव्हे. पण नियम वरून पडलेला नाही, त्याच्या आधीच्या ओळींतून तो ओघानं येतो, एवढं मुलांना दिसतं.

सूर्य बारा वाजता डोक्यावर येत नाही

चांदीपच्या शाळेच्या अंगणात करण्यासारखा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भांडणाचा प्रयोग म्हणजे काठीचा. एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करायची. दुपारी बारापासून सव्वापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघायचं. आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यायचा. सगळे लिहितात, बारा वाजता. मोठी माणसंही हेच लिहितील.

बारा वाजून जातात, सावली आखडतच राहते. सव्वाबारा, साडेबारा. मुलांना वाटतं घड्याळ चुकलं. मोबाइलवर वेळ बघितली जाते, दुसऱ्या सरांच्या मोबाइलवर बघितली जाते. मग काठी तिरकी असल्याचा आरोप होतो आणि ओळंबा पुन्हा लावला जातो. शेवटी सगळ्यात आखूड सावली बारा वाजून अडतीस मिनिटांच्या आसपास सापडते, आणि आता वर्गाला उत्तर हवं असतं.

उत्तर आठवीच्या भूगोलात आहे. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. चांदीप आहे साधारण ७३ अंशांवर, म्हणजे साडेनऊ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेनऊ चोक अडतीस. पुस्तकात जे गणित मुलं पाच मार्कांसाठी सोडवतात, तेच इथे खड्यांच्या रांगेतून निघतं.

प्रयोग वर्षातून दोनदा केला तर भांडण आणखी वाढतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आखूड सावली बारा बावीसच्या सुमारास पडते, फेब्रुवारीच्या मध्याला बारा बावन्नच्या सुमारास. अर्ध्या तासाचा फरक! पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, या दोन कारणांनी सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. आठवीला एवढं खोलात शिरायची सक्ती नाही. पण विचारलं तर टाळू नये.

२१ मार्चच्या सुमारास याच काठीची दुपारची सावली जवळपास ३५ सेंटिमीटर भरते. काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण वहीत प्रमाणात काढून वरचा कोन कोनमापकानं मोजला की एकोणीस-वीस अंश येतो. हाच चांदीपचा अक्षांश. नकाशा उघडून ताडून बघताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी शिक्षकानं आणखी वीस वर्षं नोकरी करावी. सावली पायाखाली पूर्ण गडप होते असे दिवसही इथे वर्षातून दोन येतात, पण एक मे महिन्याच्या मध्याला, सुट्टीत, आणि दुसरा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात. निसर्गानं शाळेचं वेळापत्रक बघितलेलं दिसत नाही.

तिथीची पाऊणपट

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी आहे. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, उधाण आणि भांग हे सगळं आकृत्यांसह दिलेलं आहे. चांदीप काही समुद्रावर नाही. पण खानिवड्याच्या खाडीत भरतीचं पाणी चढतं, आणि वर्गात कुणाचा तरी मामा किंवा आजोबा खाडीवर जाणारा निघतोच. त्या मुलाला विचारावं, आजोबांना भरतीची वेळ कशी कळते?

मासेमारी करणाऱ्यांना एक हिशेब ठाऊक असतो: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईच्या किनाऱ्याला हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी भर आजोबा मनात घालतात.

वर्गाला विचारायचं, हे कशावरून? पुस्तकात लिहिलं आहे की भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आजोबांच्या हिशेबात एका तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं. कोण बरोबर? गणितात बरी असलेली मुलं सरसावतात. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथ्या. तेवढ्या काळात भरतीची वेळ बारा तास सरकून पुन्हा तिथेच आली पाहिजे. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले पंधरा, ४८. म्हणजे आजोबा प्रत्येक तिथीला तीन मिनिटं कमी धरतात. पंधरा तिथ्यांत पाऊण तासाची तूट.

‘मग आजोबा चुकले?’ असं कुणी विचारलं की वर्ग दोन गटांत फुटतो. एक गट म्हणतो, चुकले. दुसरा म्हणतो, होडी काढायला पाऊण तास इकडेतिकडे चालतो आणि तोंडी हिशेब करायला पाऊणकीचा पाढा बरा पडतो. पाऊणकीचा पाढा म्हणजे काय, हे मग वर्गाला सांगावं लागतं, आणि सांगताना आपल्यालाच तो कुठपर्यंत येतो हे कळतं. असा तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही. घरच्या माणसाचं ज्ञान वर्गात तपासलं गेलं, त्यातली चूक सापडली आणि त्यातलं शहाणपणही सापडलं. पाचवीत हे जमलं नसतं. दहावीत यासाठी वेळ मिळाला नसता.

इतिहास घराजवळच पुरलेला आहे

सहावीला प्राचीन भारत, सातवीला मराठ्यांचा इतिहास. चांदीपच्या मुलांना दोन्हींसाठी लांब जावं लागत नाही. नालासोपाऱ्यात ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. सोपाऱ्यालाच सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. स्तूपाच्या पोटातल्या पाषाणाच्या पेटीत तांब्याचा करंडक आणि बुद्धाच्या आठ छोट्या धातुमूर्ती होत्या. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

वर्गासाठी खरी मेजवानी पुढे आहे. मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासची मानली जाते आणि स्तूप त्याहून कितीतरी शतकं जुना. जुन्या स्तूपाच्या पोटात नव्या मूर्ती कशा गेल्या? सहावीची मुलं या प्रश्नावर गुप्तहेर होतात. कुणी चोर काढतं, कुणी भुयार काढतं. हळूहळू कुणीतरी म्हणतं, ‘मधे कुणीतरी उघडला असेल, दुरुस्त केला असेल, आणि परत बंद करताना ठेवल्या असतील.’ अभ्यासकांचा तर्कही याच दिशेनं गेला आहे, हे त्यानंतर सांगावं, आधी नाही.

सातवीला वसई. पोर्तुगीजांकडे १५३४ पासून असलेला हा मुलूख चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मे १७३९ मध्ये मराठ्यांकडे आला. वसई सर झाली तर देऊळ बांधीन असा नवस त्यांनी वज्रेश्वरीला केला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला घरून माहीत असते. देवळाच्या पायऱ्या ते जत्रेत चढून आलेलं असतं. किल्ला पडल्याचे पुरावे पत्रांत आहेत, तहात आहेत. नवसाची गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात, पण दोन्हींचा पुरावा एका जातीचा नाही. श्रद्धेला धक्का न लावता हा फरक तेरा वर्षांच्या मुलाला सांगता येतो. माझा अनुभव असा की मोठ्यांना तो सांगणं जास्त अवघड जातं.

शिक्षक शिकतो तो तास

विज्ञानात वनस्पतींचं वर्गीकरण शिकवताना फळ्यावर नावं मागवावीत. बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या यादीत आंबा, वड, पिंपळ, तुळस येतं आणि यादी अडखळते. पाड्यावरची मुलं सुरू झाली की थांबत नाहीत. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. शेवळं कापताना हात आणि खाताना घसा खाजतो, म्हणून त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळं घालावीच लागतात, हे सहावीतली मुलगी सांगते. घशाची खाज आंबटानं का जाते, हा प्रश्न शिक्षकाला पडतो. पहिल्या पावसात मुठे कुठल्या बांधावर निघतात, वलगणीचे मासे कुठे चढतात, राब भाजला तर रोपात तण का कमी येतं, हे सगळं वर्गात बसलेलं असतं. पुस्तकात यांपैकी बऱ्याच गोष्टींना नाव नसतं, म्हणून मुलांना वाटतं हे ज्ञान नाहीच.

एरवी गप्प असणारी, प्रमाण मराठीत उत्तर द्यावं लागेल म्हणून मान खाली घालणारी वारली किंवा कातकरी मुलं या तासाला बोलतात, आणि शिक्षक वहीत लिहून घेतो. शिक्षकाला लिहून घेताना बघणं मुलांना फार आवडतं. कुणी स्पेलिंगही सुधारतं.

आवाज फुटतो तेव्हा

या वयाचं शरीर शिक्षकाला विसरता येत नाही. जूनमध्ये बाईंच्या खांद्याला लागणारा मुलगा दिवाळीनंतर त्यांच्या डोक्यावरून बघतो. कविता म्हणताना एखाद्याचा आवाज मधेच फाटतो आणि वर्ग हसतो. त्याच्या आधी वर्षभर मुली उंच झालेल्या असतात आणि मुलं त्यांच्याशी मारामारी करायची थांबलेली असतात. पाळी सुरू झालेली मुलगी अचानक चार दिवस येत नाही. शाळेत वापरता येईल असं स्वच्छतागृह, पाणी आणि बोलता येईल अशी एक बाई, एवढं असलं तर ती येते.

न्यायाची जाणीव या वयात भलतीच धारदार असते. एकाला ओरडलात आणि दुसऱ्याला नाही, तर तुमचा खटला मधल्या सुट्टीत चालतो. टोपणनावंही तिथेच ठरतात. आपलं टोपणनाव काय आहे हे शिक्षकानं शोधू नये. कळलंच तर कळल्याचं दाखवू नये.

ज्या गोष्टी तोंडानं विचारता येत नाहीत त्यासाठी वर्गात एक खोका ठेवावा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिल्या आठवड्यात त्यात फक्त टवाळी निघते. तेवढी सोसली की मग खरे प्रश्न येतात.

सवालीराम

अशा चिठ्ठ्यांची एक मोठी परंपरा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होती. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठीच विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभारला, पुढे १९८२ पासून ‘एकलव्य’नं सांभाळला. मुंबई-दिल्लीचे शास्त्रज्ञ गावांतल्या शिक्षकांबरोबर बसून पाठ लिहीत. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्या पुस्तकांत उत्तरं नसायची. प्रयोग करून ती मुलांनी काढायची. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. मुलांनी आपले प्रश्न सवालीराम नावाच्या एका काल्पनिक गृहस्थांना पत्रानं विचारायचे आणि सवालीराम खरोखर उत्तरं पाठवायचे. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशानं थांबली, याची चुटपुट ज्यांनी ती पाहिली त्यांच्या बोलण्यात अजून असते.

अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून या कामाकडे ओढले गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी त्रिकोण-चौकोनांचे सांगाडे बनवले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. काड्यांचा त्रिकोण दाबला तर मोडत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, हे मुलांना बोटांनी कळतं. मांडवाला आणि छपराला कर्ण का देतात, हे मग विचारावं. उत्तर सुताराच्या मुलाला आधीच माहीत असतं.

आपल्याकडे याहून जुनं उदाहरण अमळनेरचं. साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढत. छपाई नाही, वर्गणी नाही, आणि वाचक सकाळी उठल्या उठल्या हजर. साने गुरुजींचं हळवेपण सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांचं रोजचं ते लिहून काढणं अधिक थोर वाटतं.

भट्टीवर गेलेली मुलं

दसरा-दिवाळीनंतर भातकापणी उरकली की आमच्या पट्ट्यातला पट थोडा हलतो. काही घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहावी-सातवीचं मूल हे आई-बापांच्या दृष्टीनं नेमकं कामाचं झालेलं असतं. मुलगा विटा उचलतो, मुलगी धाकट्यांना सांभाळते आणि भाकरी थापते. पहिलीच्या मुलाला कुणी कामासाठी ठेवून घेत नाही. म्हणून गळती दिसते ती इथे. ज्या वयात मूल सगळ्यात जास्त विचारायला लागतं, त्याच वयात ते वर्गातून उठतं.

उसगावच्या विधायक संसद या संस्थेनं १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा सुरू केल्या. मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्याच आकाराच्या खोपटात वर्ग भरायचा. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा भट्टीपर्यंत न्यायची. पुढे हंगामी वसतिगृहं आली, स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. योजना चांगल्या आहेत. पण कार्ड हातात असलेलं मूल त्या दुसऱ्या गावच्या शाळेपर्यंत खरंच पोचतं की नाही, ते शेवटी एखाद्या शिक्षकानं फोन करून विचारलं तरच कळतं.

भट्टीचा हिशेब हा सातवीच्या गणिताचा अख्खा धडा आहे. हजार विटांमागे मजुरी ठरते. हंगामाआधी बयाणा घेतलेला असतो, दर आठवड्याला खर्ची मिळते, आणि शेवटी सगळं वजा जाता हातात काय येतं ते मुकादमाच्या वहीत असतं. शतमान, वजाबाकी, ऋण संख्या, सगळं त्यात आहे. वर्गात असा एक काल्पनिक हिशेब सोडवायला द्यावा. भट्टीवर जाऊन आलेली मुलं तो इतरांच्या आधी सोडवतात आणि उदाहरणातली खर्ची फार कमी धरली आहे असंही सांगतात. पुढच्या हंगामात घरच्यांबरोबर हिशेबाला बसलेली आठवीची मुलगी वही आपल्याकडे फिरवून ‘हे कशावरून?’ असं विचारू शकली, तर भूमितीत तिला किती मार्क पडले याची मी तरी फार चौकशी करणार नाही.

जूनमध्ये नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

बी.एड. झालं, टीईटीचा दुसरा पेपर सुटला, आणि नेमणूक मिळाली सहावी ते आठवीवर, तर नाराज होऊ नये. बीएलओचं काम, ऑनलाइन माहित्या आणि प्रशिक्षणं सगळ्यांनाच असतात. ती कुठल्याही वर्गाला चुकत नाहीत.

पहिला महिना आवाज चढवण्यात घालवू नका. या वयाची मुलं आवाजाला आठवडाभर घाबरतात आणि मग त्याचीच नक्कल करतात. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा, त्यावर अनुत्तरित प्रश्न तारखेसह लिहा. स्वतःचेही लिहा. उत्तर सापडलं की शेजारी शोधणाऱ्याचं नाव. पावसाळ्यात काठीचा प्रयोग होत नाही, तेव्हा ऋण संख्यांपासून सुरुवात करा आणि काठी ऑक्टोबरसाठी ठेवा. खाडीवर जाणाऱ्या एखाद्या आजोबांना वर्गात बोलवायचं असेल तर आधी तिथी बघा, नाहीतर ते भरतीला गेलेले असतील.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, प्रगतिपुस्तकांच्या घाईत सुद्धा, कोणती घरं भट्टीवर निघाली आहेत याची यादी करा. भट्टी कुठल्या गावाला, मालकाचा किंवा मुकादमाचा नंबर काय, जवळची शाळा कोणती. सुट्टी संपल्यावर पहिला फोन त्या शाळेला.